अपुऱ्या दिवसांचें मूल आणि आईचें दूध

गाय व्याली म्हणजे तिचा पहिला चीक वासराच्या पोटांत गेल्यावांचून कोणताहि जाणता शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. वासरूं अशक्त असून आपल्या पायांवर उभें राहत नसेल, तर तो त्यास धरून आचळाशीं नेतो. तेंहि साधलें नाहीं तर चीक भांड्यांत काढून बेताबेतानें पाजतो. पहिल्या कांहीं तासांत चीक मिळाला नाहीं तर वासरूं पुढें हगवणीनें हातचें जातें, हें त्यास वाडवडिलांच्या अनुभवानें ठाऊक असतें. परंतु त्याच घरांत सून अथवा लेक दिवस भरण्यापूर्वीं बाळंत झाली व मूल अगदीं लहानगें निघालें, तर पुष्कळदां उलट प्रकार दृष्टीस पडतो. आईचा चीक जड म्हणून पिळून टाकतात. मुलास मध किंवा गुळाचें पाणी चाटवितात. मूल ओढीत नाहीं, म्हणून "हिला दूधच नाहीं" असा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींच लागतो. आणि पाणी घातलेलें गाईचें दूध किंवा डब्यांतील भुकटी यांची योजना होते. गोठ्यांत जी दक्षता आपण बाळगतों ती माजघरांत कां बाळगूं नये, हा प्रश्न प्रत्येक घरधन्यानें स्वतःस विचारण्यासारखा आहे.

असल्या विषयाचा शेतकऱ्यांच्या मासिकाशीं संबंध काय, अशी शंका कित्येकांस येईल. संबंध असा कीं, अपुऱ्या दिवसांच्या मुलाचें जीवित बहुतांशीं आईच्या दुधावर अवलंबून असतें. तें दूध आटतें तें बहुधा तिच्या शरीराच्या दोषानें आटत नाहीं, घरच्या व्यवस्थेच्या दोषानें आटतें. आणि घरची व्यवस्था, म्हणजे कोणी काय काम करावयाचें, पैसा कशावर खर्चावयाचा व दवाखान्यांत कोणी राहावयाचें, हें ठरविणारे आमचे वाचकच आहेत.

अपुऱ्या दिवसांचें मूल

गर्भाचे पूर्ण दिवस सुमारें ४० आठवडे समजले जातात. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जें मूल जन्मतें तें अपुऱ्या दिवसांचें. सन २०२० सालीं साऱ्या जगांत अशीं सुमारें १ कोटि ३४ लक्ष मुलें जन्मलीं, म्हणजे दर दहांत एक. त्यांपैकीं सुमारें ३० लक्ष एकट्या भारतांतील होतीं. एवढी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याहि देशाची नाहीं. तेव्हां हा प्रसंग विरळा नव्हे. प्रत्येक गांवांत दरवर्षीं कोठें ना कोठें तो येतच असतो.

सातव्या महिन्याचें मूल जगतें पण आठव्याचें जगत नाहीं, अशी एक जुनी समजूत आहे. ती अगदीं चुकीची आहे. आईच्या पोटांत काढलेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या हिताचाच असतो. आठव्या महिन्याचें मूल सातव्यापेक्षां अधिक सबळ असतें. या समजुतीमुळें आठव्या महिन्याच्या मुलाविषयीं घरचीं माणसें आधींच आशा सोडतात, व मग हयगय होऊन तें दगावलें म्हणजे समजूत खरी ठरली असें मानतात.

अशा मुलाची उणीव तीन प्रकारची असते. गर्भास चरबी व लोह यांचा सांठा आईकडून शेवटच्या महिन्यांत मिळतो. तो त्यास पुरता मिळालेला नसतो, म्हणून अंग लवकर गार पडतें. दुसरें असें कीं, रोगाशीं झगडणारीं द्रव्यें आईच्या रक्तांतून वारेवाटे गर्भास मिळतात, तींहि मुख्यत्वें शेवटच्या आठवड्यांतच. त्यामुळें साध्या जंतूंपुढेंहि हें मूल हतबल असतें. तिसरें, ओढणें, गिळणें व श्वास घेणें या तीन क्रियांचा मेळ गर्भाच्या सुमारें ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत बसलेला नसतो. मूल स्तन ओढीत नाहीं याचें कारण बहुधा हें तिसरें होय. दूध नाहीं म्हणून तें ओढीत नाहीं असें नव्हे. त्यास अजून ओढतां येत नाहीं.

आईचेंच दूध कां

वासरास वारेंतून रोगप्रतिकारक द्रव्यें मुळींच मिळत नसल्यामुळें त्याचा सारा भरंवसा चिकावर असतो. पुऱ्या दिवसांच्या मुलास तीं पोटांतच मिळालेलीं असतात. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलाची स्थिति या बाबतींत बरीचशी वासरासारखी आहे. म्हणून त्यास चिकाचा प्रत्येक थेंब मोलाचा. मनुष्याच्या चिकांतील संरक्षक द्रव्यें आंतड्यांच्या आंतल्या बाजूस जणूं लिंपणाप्रमाणें बसतात व जंतूंस आंत शिरूं देत नाहींत. पहिल्या दिवशीं चीक चमचाभरच निघाला तरी त्यानें निराश होऊं नये. तो थोडाच असावयाचा असतो.

निसर्गाची योजना अशी कीं, जी स्त्री अकालीं बाळंत होते तिच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतील दुधांत पौष्टिक द्रव्यें, क्षार व संरक्षक अंश हे पुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधापेक्षां अधिक असतात. म्हणजे घाईनें वाढावें लागणाऱ्या मुलासाठीं तें दूध मुद्दाम तयार झालेलें असतें. गाईचें दूध वासरासाठीं आहे. वासराचें वजन दोनेक महिन्यांत दुप्पट होतें. मनुष्याच्या मुलास त्यास सुमारें पांच महिने लागतात. त्या मानानें गाईच्या दुधांत पौष्टिक द्रव्य व क्षार आईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतात. हा भार कोंवळ्या मूत्रपिंडांस पेलत नाहीं. पाणी घालून दूध पातळ केलें तर पोषण घटतें, आणि पाण्याबरोबर जंतूहि पोटांत जातात.

डब्याच्या भुकटीचा धोका निराळा आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांस आंतडें सुजून सडण्याचा एक भयंकर रोग होतो. त्यांत पोट फुगतें, शौचावाटे रक्त पडतें व पुष्कळ मुलें दगावतात. दात्या मातांचें दूध मिळालेल्या मुलांच्या मानानें भुकटीवर वाढविलेल्या मुलांत हा रोग जवळजवळ दुप्पट आढळतो, असें अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून ठरलें आहे. आपल्या देशांत भुकटीच्या डब्यांची जाहिरात करण्यास १९९२ सालच्या कायद्यानें बंदी केलेली आहे. २००३ सालीं तो कायदा अधिक कडक करण्यांत आला. तथापि जाहिरातीवांचूनहि डबा घरांत येतो, कारण चिंतेनें ग्रासलेल्या बापास कांहीं तरी विकत आणून दिल्याचें समाधान हवें असतें. अशा वेळीं डब्याच्या किंमतींत बाळंतिणीची सकस भाकरी व दवाखान्याची खेप होते, हें ध्यानांत ठेवावें. कांहीं प्रसंगीं डॉक्टर स्वतः भुकटी किंवा आईच्या दुधांत मिसळावयाची पूड देतात; ती त्यांच्या देखरेखीची गोष्ट आहे. आपण होऊन तसें करूं नये.

दूध कसें येतें आणि कसें आटतें

दूध उत्पन्न होण्याचा नियम शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. दुभत्या जनावराची धार वेळच्या वेळीं व निपटून काढली तर दूध टिकतें. दोन-चार वेळां खाडा पडला तर जनावर आटूं लागतें. स्त्रीच्या ठायींहि नियम हाच आहे. स्तन रिता होईल तसें नवें दूध तयार होतें. भरलेला राहिला तर दूध तयार होणें मंदावतें. पुऱ्या दिवसांचें मूल हें काम स्वतःच ओढून करतें. अपुऱ्या दिवसांचें मूल तें करूं शकत नाहीं; म्हणून त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणीतरी स्तन रिता करावयास पाहिजे. तें झालें नाहीं तर दहा-पंधरा दिवसांनीं मुलास ओढण्याची शक्ति येते, पण तोंवर दूध गेलेलें असतें. "दूध नाहीं" हें भाकित अशा रीतीनें खरें केलें जातें.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. जनावर भ्यालें, त्यास मारझोड झाली किंवा अनोळखी माणूस धार काढावयास बसला तर तें पान्हा चोरतें. वासरूं पुढें आणलें म्हणजे पान्हा सोडतें. बाळंतिणीचाहि पान्हा भय, दुःख, लाज व वेदना यांनीं अडतो आणि मुलाच्या दर्शनानें, स्पर्शानें, नुसत्या आवाजानेंहि फुटतो. दूध आंत असून बाहेर येत नाहीं, असें होतें. ज्या मुलीचें मूल तिच्यापासून दूर कांचेच्या पेटींत आहे, जिला तें जगेल कीं नाहीं याची खात्री नाहीं, आणि जिच्यादेखत घरचीं माणसें "हिचाच कांहीं दोष असेल" असें बोलतात, तिचा पान्हा कसा फुटावा? म्हणून सासूचा व नवऱ्याचा धीराचा शब्द हा केवळ शिष्टाचार नव्हे. येथें तो औषधाचें काम करतो.

दूध काढण्याची रीत

बाळंतपण झाल्यावर पहिल्या तासांतच, अडचण असेल तर निदान सहा तासांच्या आंत, दूध काढण्यास आरंभ करावा. पुढें दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळां काढावें. रात्रीं निदान एक-दोन वेळां तरी काढल्यावांचून राहूं नये, कारण दूध उत्पन्न करणारें द्रव्य शरीरांत रात्रीं अधिक प्रमाणांत असतें. पांच तासांपेक्षां अधिक खंड पडूं देऊं नये.

काढणारीनें प्रथम हात साबणानें स्वच्छ धुवावे. उकळत्या पाण्यांतून काढलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी घ्यावी. स्तन कोमट फडक्यानें शेकून हलक्या हातानें चोळावा. नंतर अंगठा व तर्जनी स्तनाग्राभोंवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेवर समोरासमोर ठेवून प्रथम छातीच्या दिशेनें आंत दाबावें, मग दोन्ही बोटें एकमेकांकडे दाबावीं आणि सोडावीं. असें करीत बोटें वर्तुळाभोंवतीं फिरवावीं. स्तनाग्र ओढूं नये, कातडीवरून बोटें घसरूं देऊं नयेत. दुखलें तर रीत चुकते आहे असें समजावें. एका स्तनावर तीन ते पांच मिनिटें, मग दुसऱ्यावर, अशी आलटून पालटून एकंदर वीस ते तीस मिनिटें लागतात. पहिल्या दोन दिवसांत थेंबच येतील. तिसऱ्या ते पांचव्या दिवसांत दूध भरूं लागतें. अकालीं बाळंत झालेलीस याहून थोडा अधिक वेळ लागला तरी घाबरूं नये. क्रम नीट चालला तर दोन आठवड्यांच्या सुमारास दिवसास अर्धा लिटर व त्याहूनहि अधिक दूध निघूं शकतें, आणि जुळीं असलीं तरी तीं आईच्या दुधावर वाढूं शकतात.

काढलेलें दूध झांकून ठेवावें. थंड जागीं तें चार तास चांगलें राहतें. उन्हाळ्यांत त्याहून लवकर वापरावें. शीतकपाटांत २४ तास राहतें. तें कधींहि उकळूं नये व चुलीवर ठेवूं नये. उकळल्यानें संरक्षक अंश नाश पावतात. गार झालें असेल तर वाटी कोमट पाण्यांत थोडा वेळ ठेवावी म्हणजे पुरे. मूल दुसऱ्या गांवच्या रुग्णालयांत असेल तर दूध झांकणाच्या उकळलेल्या डब्यांत भरून बर्फावर ठेवून पोंचवावें. दर खेपेस काढल्याची वेळ डब्यावर लिहावी.

मुलास पाजण्याची रीत

फार लहान, म्हणजे साधारणतः ३२ आठवड्यांच्या आंतील मुलास रुग्णालयांत नळीनें दूध देतात. त्याहून मोठें असून ओढीत नसेल तर वाटी-चमच्यानें अथवा बोंडल्यानें पाजावें. आपल्या आज्यांचें बोंडलें आतां बहुतेक घरांतून अडगळींत गेलें आहे. परंतु त्याच घडणीचें भांडें डॉक्टर लोक आज अशा मुलांकरितां मुद्दाम वापरतात. तें उकळून घ्यावें. मुलास अर्धवट बसतें धरून बोंडल्याचें टोंक खालच्या ओठावर टेकवावें व दूध थोडें थोडें ओठाशीं आणावें. घशांत ओतूं नये. एक घोट गिळल्यावर दुसरा. रबरी बोंडीची बाटली वापरूं नये. ती नीट स्वच्छ होत नाहीं व तिची संवय लागली म्हणजे मूल पुढें स्तन नीट धरीत नाहीं.

किती पाजावें हें डॉक्टरांनीं ठरवावें; तरी अंदाजासाठीं एक हिशेब देतों. दीड किलो वजनाच्या मुलास आठवड्याच्या शेवटीं दिवसाकांठीं सुमारें २४० मिलिलिटर दूध लागतें. दर दोन तासांनीं, म्हणजे बारा वेळां पाजलें तर एका खेपेस २० मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्यानें चार चमचे झाले. एवढ्याशा दुधासाठीं गाय, म्हैस किंवा डबा यांपैकीं कशाचीहि जरूर नाहीं, हें यावरून उघड होईल. दूध काढून झाल्यावर रित्या स्तनाशीं मुलास थोडा वेळ चाटूं-चोखूं द्यावें. त्यानें पोट भरत नाहीं, पण मूल ओढावयास शिकतें व आईचा पान्हा वाढतो. सुमारें ३४ आठवड्यांनंतर तें हळूहळू प्रत्यक्ष अंगावर पिऊं लागतें. मध्यंतरीं वाटी व स्तन दोन्ही चालूं ठेवावीं. एकदम वाटी बंद करूं नये.

जन्मानंतर प्रथम वजन थोडें उतरतें व सुमारें दोन आठवड्यांत भरून येतें. त्यानंतर वजनाच्या दर किलोस रोज सुमारें १५ ग्रॅम वाढ व्हावी. तसें होत नसेल तर पाजणें कमी पडत आहे किंवा दुखणें आहे असें समजून डॉक्टरांकडे जावें. लगेच डब्याकडे वळूं नये.

छातीशीं धरणें

दुधाइतकीच गरज उबेची. शेगडीच्या धुरानें मुलाचा श्वास कोंडतो. तापविलेल्या विटेनें अंग भाजतें. सर्वांत उत्तम ऊब आईच्या उघड्या छातीची. ऑस्ट्रेलियांतील कांगारू नांवाचा प्राणी आपलें अगदीं अपुरें जन्मलेलें पिलूं पोटावरील पिशवींत वाढवितो. त्यावरून या रीतीस कांगारू पद्धति म्हणतात. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरीं १९७८ सालीं डॉ. एडगर रे यांनीं ती प्रथम अमलांत आणली. तेथील रुग्णालयांत गर्दी मोठी व ऊब देणाऱ्या पेट्या थोड्या, अशी अडचण होती. अडचणींतून निघालेली ही युक्ति पुढें पेटीपेक्षांहि सरस ठरली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पांच देशांतील रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. प्रकृति स्थिर होण्याची वाट न पाहतां जीं मुलें जन्मतांच आईच्या छातीशीं धरलीं त्यांपैकीं शेंकडा १२ दगावलीं. नेहमींच्या पद्धतींत शेंकडा १५.७. म्हणजे चार मृत्यूंपैकीं एक टळला. यानंतर २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या सर्व मुलांसाठीं हीच पद्धति जन्मापासून, दिवसाचे ८ ते २४ तास, अवलंबावी अशी शिफारस केली.

हें केवळ रुग्णालयांतच साधतें असें नाहीं. हरयाणांतील खेड्यांत ८,४०२ कमी वजनाच्या मुलांवर असाच प्रयोग घरच्या घरीं करण्यांत आला. त्याचा अहवाल २०१९ सालीं आला. ज्या घरीं मातांस ही रीत शिकविली तेथें पहिल्या महिन्यांतील मृत्यु सुमारें शेंकडा ३० नीं कमी झाले.

रीत सोपी आहे. मुलास टोपडें, मोजे व लंगोट एवढेंच घालून उघड्या छातीवर उभें ठेवावें; मान एका बाजूस वळवून किंचित् वर ठेवावी, म्हणजे श्वास मोकळा राहतो; पाय बेडकासारखे दुमडावे; आणि वरून मऊ धोतराचा पट्टा बांधून झांकावें. मूल छातीशीं असलें कीं पान्हा आपोआप येतो, म्हणून ऊब व दूध या दोन्ही गोष्टी एकदमच साधतात. आई थकली तर बापानें, आजीनें किंवा आत्यानें मूल आपल्या छातीशीं घ्यावें. सोयर असतांना बापानें मुलास हात लावूं नये असा कोठें कोठें प्रघात आहे. तो या प्रसंगीं बाजूस ठेवावा.

आपल्या प्रांतांतील दोन उदाहरणें

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें ३९ गांवांतून गांवच्याच स्त्रियांस शिकवून नवजात मुलांची घरोघर निगा ठेवण्याची व्यवस्था केली. मुलाचें वजन करणें, ऊब राखणें, आईस पाजण्यास मदत करणें व जंतुदोष वेळीं ओळखून उपचार करणें, अशीं त्यांचीं कामें होतीं. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात मुलांचे मृत्यु इतर गांवांच्या मानानें शेंकडा ६२ नीं घटले. हीच दिशा धरून २०११ सालापासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरीं पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात. ती बाई दाराशीं आली म्हणजे तिला ओटीवरूनच वाटेस लावूं नये. आंत नेऊन मुलाचें वजन करवून घ्यावें.

दुसरें उदाहरण मुंबईचें. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशिया खंडांतील पहिली दूधपेढी स्थापन केली. ज्या मातांस दूध अधिक येतें त्यांची तपासणी करून तें घेतात, ६२.५ अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, आणि ज्या मुलांच्या आईचें दूध अद्याप अपुरें आहे त्यांस देतात. पहिल्या दोन-चार दिवसांची तूट अशा रीतीनें भरून निघते. आतां इतर शहरींहि अशा पेढ्या आहेत. मूल मोठ्या रुग्णालयांत असेल तर तशी सोय आहे काय, याची चौकशी अवश्य करावी. मात्र शेजारणीचें न तपासलेलें दूध आणून पाजूं नये; आणि पेढीचें दूध मिळालें म्हणून आईनें आपलें दूध काढणें थांबवूं नये.

घरधन्यानें करावयाच्या गोष्टी

१. आईस मुलाजवळ ठेवणें. मूल जिल्ह्याच्या रुग्णालयांत व आई घरीं, ही ताटातूट दूध आटण्याचें एक मोठें कारण आहे. खर्चाच्या किंवा चालीरीतीच्या सबबीवर तिला घरीं आणूं नये. सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात मुलाचा औषधोपचार व नेण्या-आणण्याचें वाहन मोफत आहे. खर्च राहतो तो सोबतीच्या माणसाचा व डब्याचा.

२. तिचीं इतर सर्व कामें काढून घेणें. दिवसांतून दहा वेळां दूध काढणें, बारा वेळां पाजणें, भांडीं उकळणें व मूल छातीशीं धरणें, यांत अख्खा दिवस जातो. जिला धुणें, भाकऱ्या व गोठा सांभाळून हें करावें लागतें तिच्याकडून तें होणार नाहीं, व तो तिचा दोष नव्हे.

३. रात्रीची पाळी वांटून घेणें. पाटाचें पाणी रात्रीं दोन वाजतां आलें तर आपण कंदील घेऊन बांधावर जातों. तितक्याच निष्ठेनें रात्रीच्या एका खेपेस उठून भांडें उकळून देणें व मूल छातीशीं घेणें पुरुषास कठिण नाहीं.

४. पोटभर खावयास व प्यावयास देणें. बाळंतिणीस पाणी कमी द्यावें, चार पदार्थच द्यावे, ही रीत अपायकारक आहे. भाकरी, वरण, पालेभाजी, दूध, ऐपतीप्रमाणें अंडीं हें सर्व द्यावें. एक जेवण जादा द्यावें. अळीव व डिंकाचे लाडू अवश्य द्यावे, परंतु लाडू खाऊन दूध येईल व स्तन रिते करण्याची जरूर नाहीं असें समजूं नये.

५. शेतावरील मजूर बायांचा विचार करणें. निंदणीस, कापणीस व ऊसतोडीस येणाऱ्या स्त्रियांपैकीं एखादी अशा रीतीनें बाळंत झाली तर तिला उचलीच्या फेडीसाठीं चार दिवसांत कामावर बोलावणें म्हणजे मुलाच्या तोंडचें दूध काढून घेणें होय. घरच्या सुनेस जो नियम तोच तिलाहि लावावा.

विलंब केव्हां करूं नये

मूल दूध घेईनासें झालें, हातपाय गार पडले, मिनिटास साठांहून अधिक वेळां श्वास घेऊं लागलें, पोट फुगलें, अंगास झटके आले, किंवा तें सुस्त पडून जागें होईना, तर सकाळची वाट न पाहतां १०२ अथवा १०८ या क्रमांकावर वाहन मागवून रुग्णालयांत न्यावें. वाटेंतहि मूल पेटींत किंवा टोपलींत ठेवूं नये. आईच्या छातीशींच बांधून न्यावें. आईस साधा ताप किंवा पडसें आलें म्हणून पाजणें बंद करूं नये. डॉक्टरांस विचारूनच काय तें ठरवावें.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, आपल्या देशांत जन्मल्यापासून एका तासाच्या आंत आईचें दूध मिळालेलीं मुलें शेंकडा ४१.८ एवढींच आहेत. निम्म्याहून अधिक मुलांचा तो पहिला तास फुकट जातो. यास औषध किंवा यंत्र लागत नाहीं. घरांतील वडील माणसांनीं आधीं विचार करून ठेवावा लागतो. ज्यांच्या घरीं येत्या कांहीं महिन्यांत बाळंतपण आहे त्यांनीं स्टीलच्या दोन वाट्या, झांकणाचा एक डबा व एक बोंडलें आतांच बाजूस काढून ठेवावें. रुग्णालयांत सोबत कोणी राहावयाचें व गोठा त्या दिवसांत कोणी पाहावयाचा, हेंहि आजच ठरवून टाकावें.